झाकणबंद मत्स्यालयासाठी फिल्टर निवडताना...

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दिव्याच्या मंद प्रकाशात पोहणारे रंगीत मासे आता शहरी घरांच्या सजावटीचा परिचित भाग झाले आहेत. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला येथील मत्स्यविक्रेत्यांकडे सुटीच्या दिवशी टाकी, मासे आणि शोभेच्या वनस्पती खरेदी करणाऱ्या कुटुंबांची गर्दी दिसते. टाकीचा आकार, माशांचा रंग, मागे लावायचे चित्र यांवर घरात बरीच चर्चा होते. फिल्टर मात्र दुकानदार देईल तो घेतला जातो. पुढे महिनाभरात एकेक मासा पाण्यावर तरंगू लागतो आणि 'आपल्याकडे मासे जगत नाहीत' असा निष्कर्ष काढून टाकी माळ्यावर जाते. यातील बहुतेक मृत्यूंचे कारण रोग नसून पाण्यात साचलेले विष हे असते. ते विष दूर करण्याचे काम फिल्टरचे. टाकीला झाकण असेल, तर हा फिल्टर निवडताना आणखी काही गोष्टींचा विचार करावा लागतो.

फिल्टर नेमके काय करतो?

फिल्टर म्हणजे पाण्यातील कचरा गाळणारे यंत्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. फिल्टरची कामे तीन. विष्ठा, उरलेले अन्न, पानांचे तुकडे यांसारखे तरंगते कण अडवणे हे पहिले, म्हणजे यांत्रिक काम. ते स्पंज किंवा कृत्रिम कापूस करतो. औषधांचे अवशेष, पाण्याचा पिवळसर रंग, वास शोषून घेणे हे रासायनिक काम. ते सक्रिय कोळसा करतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम जैविक आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. कुजणाऱ्या अन्नातूनही तो निर्माण होतो. अमोनिया कल्ल्यांना इजा करतो आणि अल्प प्रमाणातही घातक ठरतो. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या गटातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच; तो माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करतो. नायट्रेट मात्र तुलनेने सौम्य असतो आणि नियमित पाणी बदलून तो आटोक्यात ठेवता येतो. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास या जिवाणूंचा उलगडा केला. आजच्या प्रत्येक फिल्टरची रचना त्याच प्रक्रियेवर उभी आहे.

हे जिवाणू पाण्यात मुक्त तरंगण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि त्यांना प्राणवायूयुक्त वाहते पाणी लागते. म्हणून सच्छिद्र स्पंज, सिरॅमिकच्या कड्या किंवा बायोबॉल यांचा पृष्ठभाग जितका अधिक, तितकी फिल्टरची जैविक क्षमता मोठी. फिल्टरची खरी किंमत त्याच्या पंपात कमी आणि या वसाहतीला मिळणाऱ्या जागेत अधिक असते.

केवळ बुडबुडे सोडणारा एअर पंप म्हणजे फिल्टर नव्हे, हेही येथे स्पष्ट करायला हवे. बुडबुड्यांमुळे पाण्याचा पृष्ठभाग हलतो आणि प्राणवायू मिसळतो. अमोनिया त्यामुळे नाहीसा होत नाही.

झाकणामुळे काय बदलते?

झाकणाचे फायदे निर्विवाद आहेत. उड्या मारणारे मासे बाहेर पडत नाहीत. पाल, झुरळ, धूळ आत जात नाही. लहान मुलांचे हात आणि मांजराचे पंजे दूर राहतात. फायटर आणि गुरामी हे मासे पृष्ठभागावर येऊन थेट हवाही घेतात. त्यांना झाकणाखालची उबदार, दमट हवा मानवते. बाष्पीभवनही कमी होते.

मात्र कमी बाष्पीभवनाची दुसरी बाजू अशी, की पाणी थंड होण्याचा एक नैसर्गिक मार्ग मर्यादित होतो. त्यात दिव्याची आणि पाण्यात बुडालेल्या पंपाची उष्णता भर घालते. उन्हाळ्यात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो, कारण पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३२ अंशांना हेच प्रमाण सुमारे ७.३ मिलिग्रॅमवर येते. त्याच वेळी माशांची आणि जिवाणूंची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. अमोनियाची विषारी मात्राही तापमानाबरोबर आणि पाण्याच्या अल्कधर्मीपणाबरोबर वाढते. पाण्याचा सामू ७ असताना २५ अंशांना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाल्यास तो साडेपाच टक्क्यांच्या आसपास जातो.

याचा अर्थ झाकण टाळावे असा नाही. झाकणबंद टाकीतील फिल्टरने पाणी गाळण्याबरोबरच पृष्ठभाग हलता ठेवणे आवश्यक असते, आणि झाकणालाही मागच्या बाजूने हवा खेळण्यास फट हवी, एवढेच लक्षात ठेवावे. त्याखेरीज फिल्टरला जागा, नळ्यांना वाट आणि हाताला साफसफाईसाठी प्रवेश, हे तीन प्रश्न झाकण उपस्थित करते. फिल्टरच्या निवडीत तेच निर्णायक ठरतात.

आधी मोजमाप, मग खरेदी

दुकानात जाण्यापूर्वी टाकीत प्रत्यक्ष किती पाणी मावते, याचा हिशेब करावा. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १०००ने भागावे. उत्तर लिटरमध्ये मिळते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीची क्षमता सुमारे ७० लिटर भरते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ६० लिटरच्या आत-बाहेर राहते.

सर्वसाधारण मिश्र माशांच्या टाकीत फिल्टरमधून तासाला टाकीच्या चार ते सहा पट पाणी फिरावे, असा हौशी मत्स्यपालकांचा रूढ ठोकताळा आहे. म्हणजे ६० लिटर पाण्यासाठी तासाला साधारण ३०० लिटर. मात्र खोक्यावर छापलेला आकडा बहुधा पंप रिकामा, कोणताही अडथळा नसताना किती पाणी फेकतो याचा असतो. पाणी वर चढवावे लागले, स्पंजमधून जावे लागले आणि स्पंजमध्ये गाळ साचला, की तो बराच घटतो. त्यामुळे गरजेपेक्षा तिसऱ्या हिश्शाने अधिक, म्हणजे येथे ४०० ते ४५० लिटरचा पंप घेणे शहाणपणाचे. फायटरसारख्या लांब परांच्या, संथ पाण्यातील माशाला मात्र जोराचा प्रवाह थकवतो. त्याला मंद फिल्टरच योग्य.

क्षमतेबरोबर आणखी चार मापे टिपून घ्यावीत: पाण्याची पातळी आणि झाकण यांतील अंतर, झाकणाच्या मागच्या बाजूला असलेल्या खाचेची लांबी-रुंदी, टाकी आणि भिंत यांतील जागा, आणि टाकीखालच्या कपाटाची आतील उंची. ही मापे खिशात असली, की दुकानातील निम्मे पर्याय आपोआप बाद होतात.

बाजारातील प्रमुख प्रकार

स्पंज फिल्टर : सर्वांत साधा आणि स्वस्त. एअर पंपाची हवा नळीतून वर जाताना आपल्याबरोबर पाणी खेचते आणि ते पाणी स्पंजमधून गाळले जाते. झाकणातून केवळ एक बारीक नळी जाण्याइतकी वाट लागते. जैविक क्षमता चांगली, पाण्यात मोटर नसल्याने उष्णतेची भर नाही आणि पिल्ले खेचली जाण्याची भीती नाही. गप्पी, मॉली यांची पैदास, फायटर, कोळंबी आणि लहान टाक्या यांसाठी हा उत्तम. टाकीत तो दिसतो, एअर पंपाची घरघर ऐकू येते आणि बारीक कण गाळण्यात तो कमी पडतो, या त्याच्या मर्यादा. फुटणाऱ्या बुडबुड्यांचे तुषार झाकणाखालच्या दिव्यावर उडत राहतात; त्यासाठी दिव्याखाली काचेची पट्टी असावी.

अंतर्गत पॉवर फिल्टर : पाण्यात पूर्ण बुडणारी मोटर आणि तिला जोडलेला स्पंजचा डबा, असे याचे रूप. कोणत्याही झाकणाखाली तो बसतो. फक्त वायरपुरती खाच पुरते. तोंड पृष्ठभागालगत ठेवल्यास पाणी चांगले ढवळले जाते. मात्र स्पंज लहान असल्याने तो वारंवार धुवावा लागतो, मोटरची उष्णता पाण्यातच उतरते आणि दीड फुटाच्या टाकीत त्याने बरीच जागा व्यापलेली असते. दोन फुटांपर्यंतच्या, बेताच्या संख्येने मासे असलेल्या टाकीला हा सोयीचा.

टॉप फिल्टर : तयार साच्यातील टाक्यांच्या झाकणात जो फिल्टर आधीच बसवलेला असतो, तो हाच. लहान पंप पाणी वर चढवतो, ते लांबट खोक्यातील कापसावर शिंपडले जाते आणि गाळून खाली पडते. झाकणाशी त्याचे जुळते, पाण्यात हात न घालता कापूस बदलता येतो आणि पडणाऱ्या पाण्यात प्राणवायूही मिसळतो. अनेक टाक्यांत त्या खोक्यात नुसता कापसाचा पातळ थर दिलेला असतो. तो बदलला की जिवाणूंची वसाहतही कचऱ्यात जाते. कापसाखाली सिरॅमिकच्या कड्यांचा कायमचा थर घातल्यास हाच फिल्टर कितीतरी सक्षम होतो. खोक्याचे निचऱ्याचे छिद्र गाळाने बुजले, तर पाणी काठावरून दिव्याच्या दिशेने वाहू शकते. त्यामुळे आठवड्यातून एकदा ते पाहणे आवश्यक.

हँग-ऑन फिल्टर : टाकीच्या मागच्या काचेवर बाहेरून अडकवायचा डबा. गाळण आणि जैविक क्षमता यांचा समतोल साधणारा, साफसफाईला सोपा. मात्र त्यासाठी झाकणाला मागे डब्याच्या रुंदीची खाच हवी आणि टाकी भिंतीपासून काही इंच पुढे असायला हवी. अ‍ॅक्रिलिक किंवा प्लायवूडचे झाकण कारागिराकडून बनवून घेताना ही खाच सांगून ठेवता येते. साच्यातील झाकण नंतर कापणे जोखमीचे. पाण्याची पातळी घटली, की धबधब्याचा आवाज वाढतो. वीज गेल्यानंतर पातळी कमी असल्यास काही फिल्टर पुन्हा पाणी ओढू शकत नाहीत आणि मोटर कोरडी फिरत राहते.

कॅनिस्टर फिल्टर : टाकीखालच्या कपाटात ठेवायचा बंद डबा. एका नळीतून पाणी खाली येते, थरांतून गाळले जाते आणि दुसऱ्या नळीतून वर जाते. झाकणातून दोन नळ्यांपुरती छिद्रे पुरतात, टाकीत जागा अडत नाही, आवाजही कमी. तीन फूट आणि त्याहून मोठ्या टाक्या, वनस्पतींची दाट लागवड किंवा ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांसारखे खादाड मासे असल्यास हा खर्च सार्थकी लागतो. परतीच्या नळीला छिद्रांची आडवी नळी जोडून ती पाण्याच्या पृष्ठभागालगत ठेवावी, म्हणजे झाकणाखालीही पाणी हलते राहते. डबा पाण्याच्या पातळीपेक्षा खालीच हवा आणि त्याच्या रबरी कड्या वेळच्या वेळी तपासायला हव्यात.

वाळूखालचा फिल्टर : एकेकाळी सर्रास वापरला जाणारा हा प्रकार आता मागे पडला आहे. छिद्रांच्या पट्टीवर खडी पसरून पाणी तिच्यातून खाली खेचले जाते. झाकणाची अडचण त्याला नाही. मात्र पट्टीखाली साचणारा गाळ काढण्यासाठी अखेर सगळी टाकी उपसावी लागते. बारीक वाळू आणि खडी उकरणारे मासे असल्यास तो निरुपयोगी ठरतो.

आठ सोनेरी, एक काळा

फिल्टरची निवड माशांवर अवलंबून असते, याचे एक ठळक उदाहरण म्हणजे फेंगशुईच्या सल्ल्यानुसार पाळले जाणारे आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश. खरेदीच्या वेळी ते दीड-दोन इंचांचे असतात आणि दोन फुटांच्या टाकीत शोभून दिसतात. गोल्डफिश भरपूर खातो, भरपूर घाण करतो आणि नीट वाढला तर सहा इंचांच्याही पुढे जातो. नऊ गोल्डफिशची घाण ६० लिटर पाण्यात पेलणे झाकणातील पातळ कापसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यातच हा मूळचा थंड पाण्यातील मासा. मे महिन्यातील झाकणबंद, तापलेली टाकी त्याला अधिकच जाचते. अशा टाकीत मोठा फिल्टर लावल्याने मृत्यू लांबतात, टळत नाहीत. दोन फुटांच्या टाकीत गोल्डफिशऐवजी गप्पी, प्लॅटी किंवा टेट्रा ठेवावेत. गोल्डफिशच हवे असतील तर संख्या कमी आणि टाकी मोठी असावी. 'घाण खाणारा' म्हणून दिला जाणारा सकर मासाही फिल्टरचा पर्याय नाही. तो स्वतःच फुटाहून मोठा होऊ शकतो आणि घाणीत भरच घालतो.

वीज, पाणी आणि सुरक्षितता

फिल्टर दिवसाचे २४ तास चालू ठेवायचा असतो. रात्री झोपताना तो बंद करण्याची सवय घातक आहे. पाणी थांबले की वसाहतीचा प्राणवायू तुटतो. विजेचा खर्च मात्र वाटतो तितका नाही. ८ वॅटचा पंप महिनाभर अखंड चालल्यास पावणेसहा युनिट वीज लागते, तर ३ वॅटच्या एअर पंपाला दोन युनिटांहून किंचित अधिक.

वीज वारंवार जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि स्पंज फिल्टर ही जोडी मुख्य फिल्टरच्या सोबतीला असावी. बंद कॅनिस्टरमधील प्राणवायू काही तासांत संपतो आणि आतले पाणी नासू लागते. दीर्घकाळ वीज गेली असल्यास तो थेट सुरू न करता आधी आतील पाणी ओतून द्यावे.

झाकणाखाली दमटपणा कायम असतो, म्हणून विजेच्या जोडण्या टाकीबाहेरच असाव्यात. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न पोहोचता खाली ठिबकते. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे ही चैन मानू नये. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. अन्यथा वीज गेल्यावर पाणी उलटे वाहून पंपात शिरते. डास पळवणाऱ्या औषधांतील पायरेथ्रॉइड वर्गाची रसायने माशांना अत्यंत विषारी असतात. एअर पंप खोलीतील हवा पाण्यात ढकलत असल्याने अशी यंत्रे त्याच्याजवळ लावू नयेत आणि घरात कीटकनाशकाची फवारणी होताना पंप बंद करून टाकी पूर्ण झाकावी.

बसवल्यानंतरचा महिना

उत्तम फिल्टरही पहिल्या दिवशी जैविकदृष्ट्या रिकामाच असतो. जिवाणूंची वसाहत स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि नव्या टाक्यांतील बहुतेक मासे याच काळात दगावतात. म्हणून सुरुवातीला दोन-तीन काटक मासेच सोडावेत, अन्न अगदी बेताचे द्यावे आणि अमोनिया-नायट्राइट तपासण्याचे संच वापरावेत. परिचिताच्या निरोगी, जुन्या टाकीतील वापरलेला स्पंज किंवा मूठभर कड्या मिळाल्यास हा काळ बराच कमी होतो.

फिल्टर धुताना होणारी चूक सर्वांत महागात पडते. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरिन असतो. त्या पाण्याखाली स्पंज चोळून लख्ख केला, की जिवाणूही मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज आणि कड्या टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने पिळाव्यात. साबण कधीही लावू नये. एकाच वेळी सगळे थर बदलू नयेत. दर आठवड्याला पंचवीस टक्क्यांच्या आसपास पाणी बदलावे आणि नव्या पाण्यातील क्लोरिन सोडियम थायोसल्फेटसारख्या द्रव्याने आधी घालवावा.

थोडक्यात सांगायचे, तर दीड फुटांपर्यंतच्या झाकणबंद टाकीला स्पंज फिल्टर, दोन फुटांच्या टाकीला कड्यांची जोड दिलेला टॉप फिल्टर किंवा अंतर्गत पॉवर फिल्टर, झाकणाला खाच असल्यास हँग-ऑन आणि तीन फुटांपासून पुढे कॅनिस्टर, अशी विभागणी बहुतेक घरांना लागू पडावी. दोन पर्यायांत निवड करायची वेळ आलीच, तर कोणता फिल्टर झाकणाची फारशी उचकपाचक न करता साफ करता येईल, हा प्रश्न विचारावा. साफ करण्याचा कंटाळा येणारा फिल्टर कितीही महागडा असला, तरी काही महिन्यांत तो गाळाने भरलेला डबा होतो. आणि त्याची किंमत माशांना मोजावी लागते.